कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं गाडी दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या स्प्लेंडर, प्लॅटिना, बॉक्सर, अधूनमधून एखादी आरएक्स किंवा बुलेट येते. दुकानात आणि फोनवर लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. गाडी पेट्रोल जास्त पिते किंवा दम धरत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला हात स्क्रूकडे जातो आणि दुसरा जेटकडे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याकडे. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर. त्याच्या वाटीत पेट्रोल किती उंचीवर उभं आहे, म्हणजेच फ्लोट लेव्हल, हे मात्र कोणी पाहत नाही. माझा आग्रह आहे की ते आधी पाहावं.

१. भाऊ, फ्लोट म्हंजे काय अन् तो करते काय?

कार्बोरेटरच्या खाली जी वाटी असते, तिच्यात हा तरंगणारा तुकडा असतो. संडासाच्या टाकीतला गोळा पाणी भरलं की नळ बंद करतो, तसंच काम. पेट्रोल वर चढतं, फ्लोट उचलला जातो, त्याची मधली पत्ती एका टोकदार पिनला वर ढकलते आणि टाकीकडून येणारं पेट्रोल थांबतं. इंजिनाने थोडं ओढलं की फ्लोट खाली येतो आणि पिन परत उघडते.

ही उंची महत्त्वाची, कारण जेटमधून पेट्रोल वर खेचायला इंजिनाकडे फक्त हवेची ओढ असते. वाटीतली पातळी उंच असेल तर पेट्रोलला थोडंच चढायचं असतं, म्हणून ते जास्त येतं. पातळी खाली असेल तर चढण वाढते आणि ते कमी येतं. कमी रेसवर ही ओढ फारच हलकी असते, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा फरक तिथे सर्वांत आधी जाणवतो.

नावांचा एक घोळ आधीच मिटवतो. कार्बोरेटरमध्ये दोन सुया असतात. फ्लोटच्या पत्तीवर बसणाऱ्या सुईला मी इथे ‘पिन’ म्हणतो आणि रेसच्या तारेला लटकणाऱ्या लांब सुईला ‘नीडल’.

२. माझी गाडी २०२१ची आहे. तिच्यात हे पाहायचं कुठे?

बहुतेक करून कुठेच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि बहुसंख्य गाड्यांना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात फ्लोट नसतो. हे पान कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे.

३. प्लग काया पडते. फ्लोट बिघडला का जेट, हे कसं ओयखू?

रेस किती उघडी असताना त्रास होतो, ते पाहा. प्रत्येक जेटचा आपापला इलाका असतो. रेस जेमतेम उघडी असताना, म्हणजे आठव्या हिश्शापर्यंत, पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांचं राज्य. पाव ते पाऊण रेसमध्ये नीडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. फक्त पूर्ण रेसला गाडी काळा धूर सोडत असेल आणि बाकी वेळ ठीक असेल, तर मेन जेट तपासा.

फ्लोट कोणा एकाच्या इलाक्यात राहत नाही. सगळे जेट एकाच वाटीतून पितात, त्यामुळे पातळी चुकली की सगळीकडे एकाच बाजूला चुकतं. स्लोवर (रेस सोडून इंजिन नुसतं चालू असताना) पेट्रोलचा वास, अर्ध्या रेसवर जडपणा, पूर्ण रेसवर धूर, प्लगवर काजळी आणि मायलेज पडलेलं, असं सगळं एकत्र दिसलं तर पातळी उंच असल्याचा संशय घ्या. गरम इंजिन चालू व्हायला त्रास देणं हीही त्याचीच खूण. उलट चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढल्यावर गाडी सुधारते, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लग पांढराफटक निघतो, तर पातळी खाली असू शकते.

‘असू शकते’ म्हणतो, कारण अशीच लक्षणं देणारी आणखी कारणं आहेत. ती पुढच्या प्रश्नात.

४. वाटी खोलायच्या आधी काय पाहून घ्यावं?

एअर फिल्टर. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर मी उघडला आहे. आत कापसाच्या तंतूंची आणि धुळीची गादी बसली होती. हवा अडली की पेट्रोल आपोआप जास्त ठरतं, अन् दोष फ्लोटवर जातो. फिल्टर साफ करूनच पुढे जा.

मग चोक पूर्ण बंद होतो का ते पाहा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी दम तोडायला लागली की झाकण उघडून पाहा. लगेच सुधारली तर कारण सापडलं. कार्बोरेटरमधून खाली लोंबणाऱ्या बारीक नळ्यांची तोंडंही बघा. वाटीतली हवा आत-बाहेर जाण्यासाठी त्यातली एक असते. काळ्या मातीचा चिखल वाळून किंवा कुंभारीण माशीचं घर होऊन ती बंद झाली की वाटीतला दाब बदलतो आणि गाडी वेड्यासारखी वागते.

५. मिस्त्री दरवेळी हवेचा स्क्रू फिरवून देते. दोन दिवस बरं, मंग परत तेच. काऊन?

कारण तो स्क्रू फक्त स्लोचं हवा-पेट्रोलचं मिश्रण बदलतो. पातळी उंच असताना स्क्रूने स्लो सुधारला तरी अर्ध्या आणि पूर्ण रेसवर जे जास्त येत आहे ते येतच राहतं.

शिवाय स्क्रू कोणत्या बाजूला आहे त्यावर त्याची दिशा ठरते. एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा स्क्रू, आणि तो आत घेतला की पेट्रोल कमी होतं. दोन गाड्यांवर एकच सवय लावली की घोटाळा होतो. पातळी बरोबर झाल्यावर स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावा.

६. कार्बोरेटर न काढता पातयी पाहता येते काय?

येते, आणि मला हीच पद्धत सर्वांत जास्त पटते, कारण यात पिन, सीट (पिनचं टोक जिथे बसून पेट्रोल अडवतं ती जागा), फ्लोट आणि पेट्रोल या सगळ्यांचा मिळून जो खरा परिणाम होतो तोच डोळ्यांना दिसतो. फक्त वाटीच्या तळाला ड्रेनचा स्क्रू आणि नळी बसेल असं तोंड हवं.

गवंडी पाणसळ पाहायला जो पारदर्शक पाईप वापरतात, तो वीतभर घ्या. काही जण सलाईनची नळी लावतात. ती लावू नका. नळी जितकी बारीक तितकं पेट्रोल तिच्यात आपोआप वर चढतं. तीन मिलिमीटर भोकाच्या नळीत ते चारेक मिलिमीटर उंच दिसतं, म्हणजे आपण जो दोष शोधतोय त्याच्याएवढी चूक मापातच येते. सहा मिलिमीटर किंवा जास्त भोकाचा पाईप बरा. त्यातही थोडं चढतंच, पण कमी.

गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावा. साइड स्टँडवर किंवा धुऱ्याच्या उतारावर घेतलेलं माप काही कामाचं नाही. कार्बोरेटर सरळ उभा आहे का ते बाजूने पाहा. इंजिन थंड हवं. जागा उघडी हवी, जवळ चूल नको, विडी नको, मोबाईल चार्जिंगची ठिणगी नको. हे मी हात जोडून सांगतो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबवर जाते.

आता पाईप तोंडाला बसवा, वर वळवून वाटी आणि वरचा भाग जिथे जुळतात त्या सांध्याला चिकटून उभा धरा. टोक सांध्याच्या बरंच वर असू द्या. पेट्रोल कॉक चालू करा आणि मगच ड्रेन स्क्रू हळू सोडा. पेट्रोल पाईपात चढेल आणि एका जागी थांबेल. पाईप हलवायचा नाही. तो आधी खाली नेऊन मग वर आणला, तर खाली असताना पाईपात भरलेलं जास्तीचं पेट्रोल वाटीत परत शिरतं आणि पातळी खोटी उंच दिसते. असं झालं तर स्क्रू बंद करा, पाईप रिकामा करा, थोडं पेट्रोल सांडून घ्या आणि नव्याने मोजा.

बहुतेक कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सांध्याच्या रेषेच्या काही मिलिमीटर खाली थांबतं. नेमकं किती, ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. पाच मिनिटं तसंच धरून ठेवा. पातळी एका जागी न थांबता हळूहळू वर सरकत असेल, तर ती सेटिंगची गोष्ट नाही, पिन गळते आहे. मग थेट प्रश्न १० वाचा.

७. मंग फ्लोटची उंची मोजायची कायले? अन् कशी?

ज्या गाडीला ड्रेनचं तोंड नाही तिच्यासाठी, आणि वाटी उघडलीच असेल तर खात्रीसाठी. मॅन्युअलमध्ये आकडाही बहुधा याच मापाचा दिलेला असतो.

कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर उतरवा. वाटीचे स्क्रू मऊ धातूत बसलेले असतात, म्हणून पूर्ण बसणारा पेचकसच वापरा. वाटीची रबरी रिंग जपून काढा. एकदा फुगली की ती परत खाचेत बसत नाही.

कार्बोरेटर उलटा करा आणि मग थोडा तिरपा धरा, म्हणजे फ्लोटची पत्ती त्याच्या वजनाने पिनपर्यंत येईल, पण पिनच्या पाठीमागची छोटी स्प्रिंग दबणार नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. पूर्ण उलटा ठेवला की फ्लोटचं वजन स्प्रिंग दाबतं आणि माप कमी येतं. पत्ती पिनला टेकली, स्प्रिंग अजून दबली नाही, तो क्षण पकडायचा. स्प्रिंग नसलेल्या पिनांना ही काळजी लागत नाही.

माप वाटी बसते त्या सपाट कडेपासून, गॅस्केट (सांध्यातली रबरी रिंग) न धरता, फ्लोटच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंत घ्यायचं. व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर कडक पुठ्ठ्यावर स्टीलच्या पट्टीने तेवढी उंची आखून खाच कापा आणि ती फ्लोटवर आडवी धरून पाहा. माझ्या दुकानात अशा कापलेल्या पत्र्यांचा एक गठ्ठाच आहे, प्रत्येकावर गाडीचं नाव कोरून ठेवलं आहे. फ्लोट जोडीचा असेल तर दोन्ही बाजू मोजा. एक बाजू वर आणि दुसरी खाली असेल तर आधी तो पिळा काढावा लागतो.

८. माप जास्त आलं म्हंजे पेट्रोल जास्त, असंच ना?

नाही, नेमकं उलटं. हा प्रश्न ज्याने विचारला त्याने स्वतःचं बरंच नुकसान वाचवलं.

माप उलट्या कार्बोरेटरवर घेतो. माप जास्त, म्हणजे गाडीवर बसवल्यावर फ्लोट वाटीत जास्त खाली असतानाच पिन बंद होणार. म्हणून पेट्रोलची पातळी कमी. समजा मॅन्युअलमध्ये १४ मिलिमीटर आहे आणि तुमचं माप १२ आलं, तर पातळी उंच आहे आणि मिश्रणात पेट्रोल जास्त. १६ आलं तर पातळी खाली.

पत्ती पिनच्या दिशेने वाकवली की माप वाढतं आणि पेट्रोल कमी होतं. पिनपासून दूर वाकवली की माप घटतं आणि पेट्रोल वाढतं. वाकवताना फ्लोट काढून हातात घ्या आणि बारीक तोंडाच्या पेंचिसने केसभर वाकवा. जागेवर बसलेली असताना दाबली तर पिनचं टोक सीटवर चेपतं आणि नवीन पिन घ्यावी लागते. पत्ती अर्धा मिलिमीटर हलली तरी फ्लोटच्या टोकाला त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. परत मोजा, परत वाकवा. तीन-चार फेऱ्या लागतात, त्यात लाजायचं कारण नाही.

९. माह्या गाडीचा आकडा किती?

मॉडेल आणि कार्बोरेटरच्या अंगावरचा नंबर पाहून मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षांनुसार कार्बोरेटर बदलले आहेत, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुम्हाला चालेलच असं नाही. आकडा मिळालाच नाही, तर काही न बदलता आहे ते माप आधी लिहून ठेवा. निदान परतीची वाट उरते.

१०. खालच्या नयीतून पेट्रोल गयते. फ्लोट सेट केला की थांबन काय?

बहुतेक वेळा नाही. गळती म्हणजे पिन पूर्ण बंद होत नाही. सर्वांत साधं कारण कचरा. गावातल्या दुकानातून बाटलीत घेतलेलं पेट्रोल, गंज चढलेली टाकी, फाटलेली जाळी, काहीही. वाटेत गळायला लागली तर कॉक बंद करा आणि पेचकसच्या मुठीने वाटीला हलके दोन ठोके द्या. अडकलेला कण कधीकधी सुटतो. घरी पोचण्यापुरता हा उपाय आहे.

घरी पिन काढून तिचं टोक उन्हात पाहा. रबरी टोकावर गोल रिंगणासारखी खाच पडली असेल तर पिन बदला. सीट कापसाच्या काडीने पुसा, तारेने खरवडू नका. मग कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावा आणि हलकं फुंका. हवा जायला नको. फुंकायचंच, ओढायचं नाही. तोंडात पेट्रोल जाणं धोक्याचं असतं.

पिन चांगली, फ्लोट चांगला, तरी गळतं? वाटीत मधोमध एक पितळी नळी उभी असते, जास्तीचं पेट्रोल बाहेर टाकण्यासाठी. ती बुडाशी तडकली असेल तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल वाहत राहतं. सुटी वाटी पेट्रोलने भरून ठेवा आणि खालून ठिबकतं का पाहा. हा दोष शोधायला मला एकदा अख्खा दिवस लागला होता, म्हणून आता मी तो आधी तपासतो.

फक्त पांदण रस्त्याने जाताना गळतं, डांबरीवर नाही, असंही लोक सांगतात. हादऱ्याने फ्लोट उडतो आणि झिजलेली पिन तेवढ्यात उघडते. उपाय पिनच.

११. इंजिन ऑइलले पेट्रोलचा वास येते अन् ऑइल वाढल्यासारखं दिसते.

गाडी चालू करू नका. किक मारू नका. जास्तीचं पेट्रोल बाहेर जाण्याची नळी बुजली असेल तर रात्रभर गळलेलं पेट्रोल इंजिनात उतरतं. सिलिंडरमध्ये ते साचलं असताना जोरात किक मारली तर पेट्रोल दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही, ते वेगळंच. प्लग काढा, किक हाताने हळू फिरवून आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या, ऑइल पूर्ण बदला, मग प्रश्न १० प्रमाणे गळती काढा. तोवर रात्री कॉक बंद ठेवणं ही सक्तीच समजा.

१२. फ्लोट पूर्ण प्लास्टिकचा हाये, पत्ती वाकतच नाही.

मग तो सेट करण्यासाठी बनवलेलाच नाही. गरम करून वाकवू नका. माप चुकत असेल तर पिन झिजली आहे, सीट बसली आहे किंवा फ्लोट जड झाला आहे. भाग बदला.

काही जुन्या, मिकुनी कंपनीच्या धाटणीच्या कार्बोरेटरमध्ये दोन फ्लोट सुटे असतात आणि ते एका आडव्या पट्टीला खालून उचलतात. तिथे फ्लोट नाही, पट्टीची उंची मोजतात. दोन्ही भुजा सारख्या पातळीत हव्यात.

१३. पितळी फ्लोट फुटला का, कसं समजावं?

कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फुटला. खात्रीसाठी गरम पाण्यात बुडवा, आतली हवा प्रसरण पावते आणि भोकातून बुडबुडे निघतात. डाग देऊन बुजवता येतो, पण आत पेट्रोलची वाफ असताना त्याला ज्योत दाखवणं जिवावर बेतू शकतं, आणि डागाचं वजन वाढून पातळी परत बदलते. नवीन मिळत असेल तर नवीनच घ्या.

१४. नवीन कार्बोरेटर किट टाकली तेव्हापासून मायलेज पडलं.

किटमधली पिन जुनीपेक्षा किंचित आखूड किंवा लांब असली तरी पातळी बदलते. दोन्ही पिना फरशीवर शेजारी उभ्या करून पाहा. किट बदलल्यावर प्रश्न ६ किंवा ७ मधलं माप परत घ्यायचंच. किटमधल्या जेटवरचे नंबरही जुन्यांशी जुळवा.

१५. लेव्हल बरोबर, तरी लांब पल्ल्याला पूर्ण रेसवर गाडी दम तोडते. थोडी हळू केली की परत चालते.

पातळी ठीक असली तरी वाटी पुरेशा वेगाने भरत नाही. उभ्या गाडीचं माप हे दाखवू शकत नाही. वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून भांड्यात पेट्रोल सोडा. सुरुवातीची धार नंतर बारीक होऊन ठिबकायला लागली तर वरून पुरवठा कमी आहे. टाकीच्या झाकणाचं भोक, कॉकची जाळी, मधला फिल्टर, दुमडलेली नळी, या क्रमाने शोधा.

१६. इथेनॉलवाल्या पेट्रोलने गाडी फटफट करते. फ्लोट वर उचलू काय?

नका. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. त्यामुळे तेवढ्याच जेटमधून आलेलं हे मिश्रण थोडं हवा-जास्त ठरतं. पण फ्लोटने भरपाई केली तर उतारावर आणि हादऱ्यात गाडी ओतायला लागेल. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या रेसवर पेट्रोल वाढतं. स्लोसाठी स्क्रू पुरतो.

इथेनॉल पाणी ओढतं, ही पावसाळ्यातली खरी अडचण. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

१७. चिखलदऱ्याले गाडी जड होते. खाली परतवाड्याले आली की चांगली.

ते उंचीमुळे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे. तिथली हवा खालच्यापेक्षा आठेक टक्के विरळ, म्हणून तेवढंच पेट्रोल जास्त ठरतं. फिरायला गेला असाल तर काहीच बदलू नका. कायम वरच राहणाऱ्याने मेन जेट एक नंबर लहान लावावा. फ्लोट दोन्हीकडे तोच.

१८. आग लागायच्या भेवाने वाटीत पाणी भरून लेव्हल पाहिली. चालते काय?

भीती रास्त आहे, पण माप चुकतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यात फ्लोट जास्त तरंगतो आणि पिन लवकर बंद करतो. पाण्यावर बरोबर दिसलेली पातळी पेट्रोलवर उंच होईल. शिवाय पाण्याचे थेंब जेटमध्ये राहतात. भीती वाटत असेल तर प्रश्न ७ मधलं कोरडं माप घ्या, त्यात पेट्रोल लागतच नाही.

१९. फवारणीच्या पंपाले बी असंच करू काय?

पाठीवरच्या बऱ्याच पंपांना फ्लोट नसतोच. वावरात माणूस वाकतो, पंप तिरपा होतो, म्हणून त्यात पातळ पडद्यावर चालणारा कार्बोरेटर लावतात. तिथे वाटी, पत्ती शोधू नका. पडदा कडक झाला असेल तर तो बदलतात. टू-स्ट्रोक पंपासाठी ऑइल मिसळलेलं उरलेलं पेट्रोल मोटरसायकलच्या टाकीत ओतू नका. फोर-स्ट्रोक गाडीचा प्लग त्याने काळा पडतो, आणि मग तुम्ही विनाकारण प्रश्न ३ पासून सुरुवात कराल.